अमरसिंगचा राजीनामा

राजीनामा हा शब्द ऐकला आणि अमरसिंगचा ताणलेला चेहरा सैल झाला. पितांबर दवाखान्यात त्याच्या खाटेशेजारी स्टुलावर बसला होता, मांडीवर मिलचं पॅड होतं. हा बदल त्याने अगदी समोरून पाहिला.

"सेठ खुद बोले?" अमरसिंगने विचारलं.

"हां. उन्होंने ही भेजा है."

"तो ठीक है, दिवाणजी. झगडा हमको भी कहाँ करना है."

त्याची बायको दिवालीबाई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. अमरसिंग तिच्याकडे वळून त्यांच्या बोलीत काहीतरी बोलला. त्यातला राजीनामा हा एकच शब्द पितांबरला कळला. ती ऐकत राहिली, मग पदर सावरून भिंतीला टेकून खाली बसली. अपघात झाल्यापासून ती बसलेली पितांबरने पाहिली नव्हती.

त्याचं पेन कागदावर टेकलं होतं ते तिथेच थांबलं. या दोघांनी काय ऐकलं ते त्याला कळलं होतं.

जळगावच्या एमआयडीसीतल्या त्या डाळमिलमध्ये पितांबर दिवाणजी होता. आवक-जावक, हजेरी, पगार, सगळं त्याच्याकडे. मध्य प्रदेशातून येणाऱ्या मजुरांशी बोलायचं कामही पहिल्यापासून त्याचंच, कारण हिंदी त्याला बरी येत होती. अमरसिंगला मिलमध्ये त्यानेच लावलं होतं. डाळ वर नेणाऱ्या एलेव्हेटरच्या पट्ट्यावरची जाळी दुरुस्तीसाठी काढली ती परत बसवलीच गेली नव्हती. पितांबरने एकदोनदा आठवण करून दिली, मग कामाच्या गर्दीत सोडून दिलं. अमरसिंग पट्ट्याखाली अडकलेलं पोतं ओढायला वाकला आणि त्याचा उजवा हात आत गेला. आता त्या जाड बँडेजच्या आत अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं.

त्या दिवशी सकाळी भूषणशेठने पितांबरला केबिनमध्ये बोलावलं होतं. भूषणशेठ म्हणजे मोठ्या शेठचा मुलगा, आता मिल तोच पाहायचा. त्याने दार लावून, आवाज न चढवता सगळं समजावलं. अमरसिंग अपघाताच्या आधीच काम सोडून गेला होता, नंतर कोणाला तरी भेटायला मिलमध्ये आला आणि नको तिथे हात घातला, असं कागदावर दिसायला हवं. म्हणून त्याचा राजीनामा घ्यायचा आणि तारखेची जागा कोरी ठेवायची. दवाखान्याचं बिल मिल भरेल, माणुसकी म्हणून. तुमचं तो ऐकतो दिवाणजी, असं शेवटी म्हणाला.

पितांबरने पॅड उचललं होतं. मिलमध्ये आता संगणकावर बसणारी दोन पोरं होती आणि त्याची कामं एकेक करून त्यांच्याकडे जात होती. मोठ्या शेठच्या वेळचा माणूस म्हणून त्याला ठेवला होता. या वयात दुसरीकडे कोणी घेणार नाही, हे त्याला माहीत होतं आणि भूषणशेठलाही.

पितांबर मूळचा अमळनेर तालुक्यातला. कॉलेज अर्धवट सोडून पोटामागे निघाला तो पहिल्यांदा मध्य प्रदेशात सेंधव्याला, एका कापसाच्या जिनिंगमध्ये. तिथे दोन गाडीवानांची मारामारी झाली होती, कोर्टात केस होती. एक दिवस सगळे म्हणायला लागले की दोघांचा राजीनामा झाला. पितांबरने भाबडेपणाने विचारलं की मग आता गाड्या कोण हाकणार, आणि अख्खं जिनिंग त्याला हसलं. शेवटी जिनिंगच्या म्हाताऱ्या मुन्शींनी त्याला जवळ बसवून घेतलं. मुन्शी बऱ्हाणपूरचे, फारसी शिकलेले. त्यांनी सांगितलं की राजी हा शब्द अरबीतला, राजी म्हणजे खूश असलेला, कबूल असलेला. नामा फारसीतला, म्हणजे लिहिलेला कागद. दोन माणसं राजी झाली, तंटा मिटला, त्याचा कागद तो राजीनामा. सेंधव्यात, इंदूरला, दिल्लीपर्यंत त्याचा अर्थ हाच. तुमच्या मुलखात मात्र इंग्रजांच्या वेळी कुळाला जमीन सोडायची असली की त्याच्याकडून राजीनामा लिहून घेत, मी राजीखुशीने सोडतो म्हणून. जमिनीवरून तो शब्द हळूहळू नोकरीवर आला.

"छोडनेवाले से लिखवा लेते हैं के वो राजी है," मुन्शी म्हणाले होते. "हो या न हो."

नोकरी सोडण्याला हिंदीत इस्तीफा म्हणतात, हेही पितांबर सेंधव्यातच शिकला होता. स्टुलावर बसल्या बसल्या तो शब्द त्याच्या जिभेवर आला होता. नुसता उच्चारायचा होता, बाकीचं अमरसिंगने आपलं आपण समजून घेतलं असतं. खाली भूषणशेठची गाडी उभी होती आणि ड्रायव्हर एकदा वर डोकावून गेला होता.

पितांबरने मजकूर लिहिला. मी घरगुती कारणाने, स्वखुशीने नोकरीचा राजीनामा देत आहे, माझी मिलकडे कोणतीही मागणी नाही. अमरसिंग चौथी शिकलेला होता. त्याने कागद डाव्या हातात धरून वरचं मोठं अक्षर ओठ हलवत वाचलं, रा-जी-ना-मा, आणि मान डोलावली. खालचं बारीक मराठी त्याने वाचायचा प्रयत्न केला नाही. डाव्या हाताचा अंगठा त्याने स्वतःच शाईवर टेकवला. निघताना त्याने पितांबरला सांगितलं की सेठना म्हणावं, मनात काही ठेवू नका, मशीन आहे, चालायचंच.

जिना उतरताना पितांबर स्वतःला सांगत होता की मी एकही शब्द खोटा बोललो नाही. ते खरंही होतं.

अमरसिंग गावी गेला. मिलमध्ये त्या कागदावर पितांबरनेच आधीची तारीख टाकली. दवाखान्याकडून खबर गेल्यामुळे सरकारी कामगार खात्याचा एक माणूस चौकशीला आला, कागद पाहिला, चहा घेतला आणि गेला. पट्ट्यावर नवी जाळी बसली. पितांबर रोज त्या बाजूने जायचा, पण आता तो लांबून, गोदामाच्या मागून वळसा घालून जायला लागला. कोणी विचारलं तर सांगायचा की आत टरफलाची धूळ फार असते, खोकला होतो.

होळी झाली आणि अमरसिंग परत आला.

वॉचमनने आत फोन केला तेव्हा पितांबरला आधी वाटलं की कोणीतरी सगळं समजावून त्याला पाठवलं असेल, आता तो आरडाओरडा करेल. तसं झालं असतं तर बरं, असंही क्षणभर वाटून गेलं. पण अमरसिंग फाटकाबाहेर निंबाखाली उभा होता, धुतलेला शर्ट घातलेला, केसांना तेल लावलेलं. उजवा हात त्याने खिशात ठेवला होता. डाव्या हातात फडक्याची पुरचुंडी होती. धावड्याचा डिंक होता, दिवालीबाईने जंगलात फिरून गोळा केलेला. शेठच्या घरी द्यायचा, म्हणाला.

मग त्याने कामाचं विचारलं. पोती उचलणं आता जमणार नाही, पण झाडलोट जमेल, रात्रीची राखण जमेल, डाव्या हाताने पोती शिवायलाही तो शिकत होता. वॉचमन आत का सोडत नाही ते त्याला कळत नव्हतं.

"राजीनामा तो हो गया ना, दिवाणजी?" तो म्हणाला. "फिर अब क्या है?"

आता सांगता आलं असतं. रस्त्यावर ट्रकांची रांग लागलेली, वॉचमन कान देऊन ऐकत होता, आणि समोरच्या माणसाच्या तोंडावर संशयाची एक रेघ नव्हती. शेठ बाहेरगावी गेलेत, विचारून कळवतो, असं पितांबर म्हणाला. डिंकाची पुरचुंडी त्याने घेतली. ती नाकारली असती तर कारण सांगावं लागलं असतं. परतीच्या बससाठी तो अमरसिंगला पैसे देऊ लागला, तेव्हा अमरसिंगने ते घेतले नाहीत. सेठ आल्यावर काम मिळेल तेव्हा बघू, म्हणाला.

भूषणशेठ बाहेरगावी नव्हता, केबिनमध्येच होता. पितांबरने धीर करून त्याला विचारलं. राखणीला एक माणूस लागतोच आहे, अमरसिंगला घेऊ या. भूषणशेठने मोबाइलमधून डोकं वर काढलं. त्याला आत घेतला तर तो कधी सोडून गेलाच नव्हता असं होईल, एवढं तुम्हाला कळत नाही का, असं त्याने विचारलं. आणि मग, काहीशा नवलाने, "त्याने राजी होऊनच दिलंय ना लिहून? तुमच्यासमोर?"

"हो," पितांबर म्हणाला.

पुरचुंडी त्या संध्याकाळी पितांबरसोबत पिंप्राळ्याला, त्याच्या घरी गेली. त्याच्या बायकोने, मंदाबाईंनी, ती सोडून पाहिली. असा स्वच्छ, मधासारखा डिंक बाजारात मिळत नाही.

"हाऊ डिंक कोन दिना?" त्यांनी विचारलं.

पितांबर सांगू लागला. आधी थोडंच सांगणार होता, पण एकदा सुरुवात झाल्यावर त्याला थांबता येईना. पट्टा, दवाखाना, राजीनाम्याचे दोन अर्थ, कोरी तारीख, निंबाखालचा अमरसिंग. मंदाबाई कणीक मळत होत्या, त्यांचे हात थांबले. बायको दोन समजुतीचे शब्द बोलेल अशी आशा पितांबरला होती, ती त्यालाच बोलताना जाणवली आणि लाज वाटली.

"त्याले जे समजनं, ते तुमले समजी गयं व्हतं ना?" मंदाबाईंनी विचारलं.

"मी खोटं काहीच बोलनू नही."

"मी ते इचारं का?"

मंदाबाईंनी पुन्हा कणीक मळायला घेतली. जेवणं झाल्यावर त्यांनी पुरचुंडीला परत गाठ मारली आणि ती त्याच्या सायकलीच्या पिशवीत नेऊन ठेवली. "मन्हा घरमा नको," एवढंच म्हणाल्या. त्यात राग नव्हता. राग असता तर पितांबरला भांडता तरी आलं असतं.

पुढचे काही दिवस तो कामावर जात राहिला. हजेरी लिहिताना डाव्या अंगठ्याचे ठसे दिसले की त्याची नजर अडखळायची. एकदा संगणकावरच्या एका पोराने सहज विचारलं की हिंदीत राजीनाम्याला काय म्हणतात, काका. पितांबर उठून बाहेर गेला, नळावर तोंड धुतलं, आणि परत येऊन त्याने दुसऱ्या दिवसाची रजा लिहिली.

चोपड्याची बस विदगावच्या पुलावरून तापी ओलांडून केळीच्या बागांमधून चालली होती. पितांबर खिडकीशी बसून वाक्यं जुळवत होता. मुन्शींनी इस्तीफ्याचा अर्थही तेव्हा सांगितला होता, तो त्याला आता आठवला. तोही अरबीच. माफी ज्या मुळातून आली त्याच मुळातून तो आला. मला माफ करा, या कामातून मोकळं करा, अशी विनंती म्हणजे इस्तीफा. अमरसिंगने कोणाची माफी मागायची होती, हे पितांबरला सांगता आलं नसतं. ज्याने मागायची तो बसमध्ये बसला होता, आणि अडावद आलं तरी त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं नव्हतं.

चोपड्याहून सत्रासेनपर्यंत दुसरी बस, तिथून पुढे जीप. राज्याची हद्द ओलांडल्यावर पाट्यांवरचं मराठी संपलं आणि हिंदी सुरू झालं. अक्षरं तीच. डोंगराच्या पायथ्याला जीपवाल्याने त्याला उतरवलं आणि हाताने दाखवलं, त्या मोहाच्या झाडांमागे अमरसिंगची वस्ती.

बायका झाडांखाली मोहाची फुलं वेचत होत्या. त्यातल्या एकीने मान वर केली, ती दिवालीबाई होती. तिने त्याला ओळखलं, टोपली तशीच खाली ठेवली आणि वस्तीकडे पळत गेली. पितांबर पोहोचला तोवर अंगणात खाट टाकलेली होती, तिच्यावर गोधडी, आणि शेजारपाजारची माणसं जमायला लागली होती. अमरसिंगचा म्हातारा बाप काठी टेकत पुढे आला. त्याने पितांबरचा हात दोन्ही हातांत धरला आणि जमलेल्यांना मोठ्याने सांगितलं की सेठचा माणूस आला, सेठने शब्द पाळला. सगळ्यांना आधीच माहीत होतं. जळगावच्या सेठने आपल्या अमरसिंगशी राजीनामा केला, दवाखान्याचा सगळा खर्च उचलला, आता कामावर बोलावणार, हे अमरसिंगने येऊन सांगितलेलं होतं. इतका मोठा माणूस आपणहून राजीनामा करतो, असं या वस्तीत पूर्वी घडलं नव्हतं.

पितांबर पाणी प्यायला. मग तो अमरसिंगला म्हणाला की जरा तुझं शेत दाखव.

शेत म्हणजे उतारावरचा दगडगोट्यांचा तुकडा होता, पावसापुरता. या दिवसांत त्यात काहीच नव्हतं. दिवालीबाई मागोमाग आली आणि बांधावर थोडी लांब उभी राहिली. पितांबरने बसमध्ये जुळवलेली वाक्यं वापरली नाहीत.

"अमरसिंग, वो राजीनामा नहीं था. इस्तीफा था. हमारे यहाँ इस्तीफे को राजीनामा बोलते हैं."

अमरसिंगला लगेच उमगलं नाही. तो पितांबरच्या तोंडाकडे बघत राहिला. मग पितांबरने बाकीचंही सांगितलं. कागदात काय लिहिलं होतं, तारीख कोणती टाकली, कोणाच्या अक्षरात टाकली, वॉचमन आत का सोडत नाही. सांगताना तो अमरसिंगच्या हाताकडे बघत होता. इथे, आपल्या शेतात, अमरसिंगने तो खिशात ठेवलेला नव्हता.

"तुमको मालूम था?" बांधावरून दिवालीबाईने विचारलं. "उस दिन? दवाखाने में?"

"मालूम था."

अमरसिंग खाली बसला, डाव्या हाताने एक ढेकूळ उचललं आणि चुरत राहिला. पितांबर उभाच होता. मग त्याने सांगितलं की जळगावला कामगार कोर्ट आहे. तिथे अर्ज करता येतो. तारीख मागाहून टाकली, मीच टाकली, आणि कागद काय आहे ते तुला सांगितलं नव्हतं, हे मी न्यायाधीशासमोर सांगेन. हात गेला त्याची भरपाई शेठला द्यावी लागेल.

"तेरी नौकरी?" अमरसिंगने वर न बघता विचारलं. तो पितांबरला आजवर कधी तू म्हणाला नव्हता.

"जायेगी."

अमरसिंगने मान हलवली. वस्तीच्या बाजूने धूर वर येत होता, माणसांचे आवाज येत होते. त्याने तिकडे पाहिलं.

"कोरट में आऊँगा," तो शेवटी म्हणाला. "तू बोलेगा उस दिन आऊँगा. पर यहाँ किसी को मत बोलना. बाप को तो बिलकुल नहीं. सबको बोल के बैठा हूँ."

माफ कर म्हणायला पितांबरने तोंड उघडलं, तोवर अमरसिंग उठून चालू लागला होता.

अंगणात आता आणखी माणसं होती. म्हाताऱ्याने कोणाकडून तरी तूप मागून आणलं होतं. मक्याच्या भाकरी झाल्या होत्या, उडदाची डाळ शिजली होती. पितांबर म्हणाला की मला निघायला हवं, जीप चुकेल. म्हाताऱ्याने ऐकलं नाही. राजीनामा झाला की दोन्हीकडच्यांनी एका ताटात जेवायचं, ही त्यांच्या घरची रीत होती. सेठ आला नाही, ठीक आहे, सेठचा माणूस तर आला. त्याने मोठी पितळी थाळी मधोमध ठेवली, भाकरी कुस्करली, वर डाळ ओतली, वर तूप. एका बाजूला पितांबरला बसवलं, दुसऱ्या बाजूला मुलाला. माणसं भोवती बसली. म्हातारा कोणाला तरी सांगत होता की कोर्टात नाही, कचेरीत नाही, घरबसल्या राजीनामा.

दिवालीबाईने तांब्या आणून पितांबरच्या हातावर पाणी घातलं. त्याचे हात ओले होऊन तसेच राहिले. थाळीपलीकडे अमरसिंग मांडी घालून बसला होता, उजवा हात पाठीमागे टेकवलेला. तुपाची धार त्याच्या बाजूला जास्त पडली होती. त्याने डाव्या हाताने तो भाग उचलून पितांबरकडे सरकवला आणि घास न घेता थांबला.

पितांबरचा हात उचलला जाईना.

दिवालीबाई तांब्या घेऊन त्याच्या मागे वाकलेलीच होती. ती फक्त त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू बोलली.

"खाओ, दिवाणजी. बूढा देख रहा है."

पितांबरने घास उचलला. त्यानंतर अमरसिंगने उचलला.